चाचांचा डायनॅमो

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, असं सगळे सांगतात. माझ्याबरोबर कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलंय. दुसऱ्यानं एका समितीचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि आता त्याचा हसरा चेहरा तालुक्यातल्या बहुतेक फ्लेक्सवर उजव्या कोपऱ्यात असतो. मी सायकलींचे जुने डायनॅमो दुरुस्त करतो. तिघांपैकी समाजाला सगळ्यांत कमी उपद्रव माझा आहे, अशी माझी समजूत आहे. बायकोची तशी नाही. तिला ओट्यावर पापड वाळवायचे असतात आणि तिथं माझ्या स्प्रिंगा, नटबोल्ट आणि रॉकेलात भिजत घातलेले तुकडे पसरलेले असतात.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईट गावाच्या पलीकडं. मी आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला, वीज हा काही माझा विषय नव्हे. डायनॅमोकडं मी वळलो तो बार्शीच्या भंगारबाजारात एक जुना नग हातात आला म्हणून. घरी आणून खोलला, साफ केला, बोटांनी फिरवला, तर तारेला लावलेला बल्ब क्षणभर लुकलुकला. चाळीस वर्षं वर्गात बोलूनही इतका तत्काळ परिणाम मला कधी दिसला नव्हता.

ज्यांचा जन्म मोबाइलच्या टॉर्चनंतर झाला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डायनॅमो म्हणजे लहान बाटलीच्या आकाराचा एक डबा. तो चाकाजवळ बसवतात. खटका दाबला की त्याचं फिरतं डोकं टायरच्या कडेला टेकतं, टायर त्याला फिरवतो, आतलं चुंबक फिरतं आणि हँडलवरचा दिवा लागतो. पाय जोरात मारले की उजेड जास्त, हळू मारले की कमी, थांबलं की अंधार. वर गुर्रर्र असा एक आवाज, जो ऐकून आमच्या लहानपणी कुणाचे वडील आले ते घरात बसून कळायचं. त्या काळी नवरदेवाला सायकल देणारा सासरा बरा समजला जायचा, पण डायनॅमोसकट देणारा सासरा गावभर गाजायचा.

चाचांना असाच सासरा मिळाला होता.

चाचा म्हणजे आमच्या घरासमोर दुकान असलेले शिंपी. वय सत्तरीच्या पुढं. त्यांचं घर गावात नाही. गावापासून बऱ्याच अंतरावर, डांबरी सडकेनं जाऊन आत वळलं की त्यांचं शेत आणि शेतातच घर. चाची तिथं असतात, मुलगा-सून तिथंच असतात. मुलगा शेती बघतो आणि ट्रॅक्टर चालवतो. चाचा रोज सकाळी सायकलवर गावात येऊन दुकान उघडतात आणि दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाल्यावरही थोडा वेळ बसून अंधार पडता पडता परत जातात. हा अंधाराचा वेळच त्यांच्या धंद्याचा वेळ. दिवसभर रानात असलेली माणसं तेव्हा येतात: कुणाचा सदरा उसवलेला, कुणाची पँट लांब झालेली, कुणाला नुसतंच टेकायचंय. मीही दुकानापुढच्या बाकावरचं कायमचं गिऱ्हाईक, वर्तमानपत्र घेऊन बसणारं, शिवून काहीच न घेणारं.

सासऱ्यानं दिलेली ती सायकल चाचांकडं अजून होती. डायनॅमो मात्र केव्हाच गंजून पडून गेला होता आणि पुढच्या दिव्याच्या टोपणात एकदा गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. अंधारात चाचा जायचे ते रस्ता पाठ आहे या भरवशावर. त्यांना रस्ता पाठ होता, पण रस्त्यावर नव्यानं येणाऱ्यांना चाचा पाठ नव्हते. श्रावणात एका संध्याकाळी एका मोटरसायकलवाल्याचं हँडल त्यांना घासून गेलं आणि ते कडेच्या चारीत पडले. लागलं फार नाही. पायजमा फाटला, कोपर सोललं. पण मुलगा घाबरला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं न्यायला यायचं ठरवलं. मुलगा गुणी आहे, पण रानातलं काम घड्याळावर सुटत नाही. कधी लवकर यायचा, तर गिऱ्हाईक अर्धवट टाकून चाचांना उठावं लागायचं. कधी उशिरा, तर चाचा शटर ओढून, टोपी घालून, किल्ल्या हातात धरून माझ्या बाकावर बसलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना हात रिकामे ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं. एके दिवशी ते म्हणाले, "सर, एसटीची वाट बघनारा मानूस बी बरा. त्याला निदान एसटीवर चिडता येतंय."

मुलानं मध्ये एक बॅटरीचा दिवा आणून दिला होता, चार्ज करायचा. तो चार्ज करायचं चाचा विसरायचे आणि आठवण व्हायची तेव्हा लाइट गेलेली असायची. शिवाय तो दिवा सूचना न देता विझायचा.

शेवटी एकदा बापलेकांचं दुकानातच वाजलं. मी वर्तमानपत्रामागं होतो, पण ते काही भिंतीइतकं जाड नसतं.

"अब्बा, आता बास. सायकल भंगारात घाला. दुकान चार वाजता बंद करा, उजेडात घरी या."

"चार वाजता कोन येतंय माझ्याकडं? शेळ्या?"

"मग बंदच करा की. काय कमी हाय आपल्याला?"

चाचांनी कात्री उचलली, कापडाला लावली, पुन्हा खाली ठेवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, तुमच्या त्या कचऱ्यात माझ्या सायकलीला बसंल असं काय हाय का?"

माझ्या छंदाला कचरा म्हणणारा हा दुसरा माणूस. पण पहिल्या व्यक्तीप्रमाणेच यांच्यावरही रागावणं शक्य नव्हतं. मी हो म्हणालो. मुलानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि मुदत दिली: दसऱ्याला तो स्वतः बघणार. रस्ता नीट दिसला तर ठीक. नाही दिसला तर सायकल भंगारात, दुकान दिवसाउजेडी बंद.

इथं एक सांगायला हवं. उजेडाच्या बाबतीत आमचं गाव अगदीच मागासलेलं नाही. चौकात उंच खांबावर हायमास्ट दिवा आहे. त्याचं लोकार्पण झालं तेव्हा मी हजर होतो. मंडप, फीत, हार, शाली, नारळ, पाच-सहा भाषणं आणि प्रत्येक भाषणात अंधारातून प्रकाशाकडं जाणं. कार्यक्रम दुपारी होता. त्यामुळं कळ दाबल्यावर दिवा लागला की नाही, हे कुणालाच कळलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. तो दिवा पुढं काही दिवस लागला, आता त्याच्या उजेडाचा विषय कुणी काढत नाही. चाचांच्या वाटेवर तर तेवढाही खांब नाही.

सायकल माझ्या अंगणात आली. माझ्याकडं एक चांगला डायनॅमो होता, चुंबक अजून दमदार. आतलं ग्रीस चिक्कीसारखं वाळलेलं होतं, ते खरवडून नवं घातलं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर पट्टी बसवली. यातली मेख अशी की डायनॅमोचा आस बरोबर चाकाच्या मध्याकडं रोखलेला पाहिजे. जरा तिरका बसला की टायर घासून खातो आणि उजेडही मंद देतो. मी डोळ्यानं अंदाज घेत होतो. चाचांनी गळ्यातला टेप काढला, चाकाच्या हबपासून डायनॅमोपर्यंत ताणून धरला आणि म्हणाले, "सर, खांदा उतरलाय. डावा उचला." गिऱ्हाइकाच्या कोटाबद्दल बोलावं तसं. डाव्या बाजूनं उचलला, तर बसला.

पहिल्यांदा चाक फिरवलं तेव्हा काहीच लागलं नाही. डायनॅमोतून दिव्याकडं एकच तार जाते, वीज परत येते ती सायकलच्या लोखंडातून. चाचांनी मागच्या ईदला सायकलीला स्वतः ऑइलपेंट मारला होता, दोन हात, अगदी मनापासून. त्या रंगातून वीज काय, पाणीही गेलं नसतं. पट्टीखालचा रंग कानशीनं खरवडू लागलो तसे चाचा कळवळले.

"हळू घासा वो, सर. लई म्हागाचा रंग हाय."

"लोखंडाला लोखंड लागल्याशिवाय दिवा लागणार नाही, चाचा."

"मग मला न दिसंल असं घासा."

जुन्या दिव्यात पिवळा बल्ब असतो. उतारावर सायकल वेगात सुटली की तो जळतो, म्हणजे गरज असते नेमका तेव्हा. म्हणून मी टोपण जुनंच ठेवलं, गांधीलमाश्यांचं घर काढून चकचकीत केलं आणि आत एलईडी बसवला. डायनॅमोची वीज उलटसुलट वाहते, एलईडीला ती एकाच दिशेनं लागते. त्यासाठी मध्ये एक छोटा जोड टाकावा लागतो, तो टाकला. जोडीला थोडी वीज साठवणारी डबी, म्हणजे सायकल थांबली तरी दिवा लगेच विझू नये. बाहेरून सगळं पहिल्यासारखंच दिसलं पाहिजे, ही चाचांची अट होती. "न्हायतर लोक इचारत बसतेत, आन् मला घरी जायला पुन्हा उशीर." तारा मी चिकटपट्टीनं गुंडाळणार होतो, पण चाचांनी मला बाजूला सारलं आणि काळ्या कापडाची नळी शिवून तारा तिच्यात घातल्या. सायकलीच्या दांड्याला ती नळी अशी टाचली की माझ्या पँटींच्याही शिवणी तितक्या सरळ नाहीत. मागच्या मडगार्डवर जुना लाल काचेचा दिवा होता, त्यात एक बारका बल्ब लावून दिला. त्याच्याकडं आम्ही दोघांनीही फार लक्ष दिलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात चाक फिरवून पाहिलं. समोरच्या भिंतीवर पांढरा, गोल, स्वच्छ उजेड पडला. चाचा बघतच राहिले. मग म्हणाले, "सासरा खूश झाला असता." मी विचारलं, तुम्ही नाही का? तर म्हणाले, "म्या दसऱ्यानंतर व्हतो."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. ज्याच्या जिवावर घर चालतं ते त्या दिवशी धुऊन-पुसून पुजायचं. आमचं घर पेन्शनवर चालतं, पण पेन्शन धुता येत नाही म्हणून बायको घरातलं बाकी सगळं धुते. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, माझे पाने-स्क्रूड्रायव्हर, मुलीनं पाठवलेला मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. लोखंडाला बोटभर तेल. त्या सकाळी मी ईटला गेलो होतो. परत आलो तर चाचांची सायकल अंगणात नवरीसारखी उभी होती. हँडलला झेंडूचा हार, दिव्यावर हळदकुंकू, घंटीला आंब्याचा डहाळा.

"ती चाचांची आहे," मी म्हणालो.

"मग? अंगणात आपल्या हाय ना," बायको म्हणाली. "सगळ्यांची केली आन् ती एकटी तशीच उभी ठेवू? कसं दिसतंय ते."

युक्तिवादात मला खोट दिसली नाही. चाचांनाही दिसली नाही. ते आले, हार बघून हसले आणि म्हणाले, "वहिनी, लग्नात माझ्या गळ्यात व्हता तवा बी इतका चांगला नव्हता."

दसऱ्याच्या संध्याकाळी मुलगा आला तो ट्रॅक्टर घेऊनच. कारखाने सुरू व्हायचे होते, उसाच्या हंगामाआधी त्यानं ट्रॅक्टर सजवून, पुजून आणला होता. मागं रिकामी ट्रॉली. त्यानं आपट्याची पानं दिली, आम्ही दिली, गळाभेट झाली, बायकोनं पेढे दिले. मग तो कामाच्या सुरात म्हणाला, "हं, दाखवा."

दिवस मावळला होता. चाचांनी खटका दाबला, टांग टाकली आणि पाण्याच्या टाकीकडं निघाले. आम्ही तिघं फाटकात उभे. सायकल गेली ती अंधारातच. ना गुर्रर्र, ना उजेड. एकदा मध्येच काजव्यासारखं काही चमकलं, ते तेवढंच.

चाचा परत आले. उतरले. खटका वर केला, खाली केला. चाक हातानं फिरवलं. टायर फिरत होता, डायनॅमोचं डोकं जागच्या जागी होतं. घसरत होतं. मी टायरला बोट लावलं, ते निसटलं. नाकाजवळ नेलं.

"तेल," मी म्हणालो.

बायको खाली वाकून टायर बघू लागली. मग म्हणाली, "धुतल्यावर टायर कसे पांढुरके दिसत व्हते. म्या जरा फडक्यानं हात फिरवला. काळेभोर झाले की."

मुलगा बापाकडं बघत नव्हता, आणि हे त्यानं चांगलं केलं. चाचा हँडलवरच्या हाराकडं बघत होते. मग ते म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या. हार घातल्यावर मानसं बी काम सोडतेत, ही तर सायकल हाय."

मी हसलो तो चौकातल्या हायमास्टच्या आठवणीनं. मुलगाही हसला. बायको हसली नाही. ती आत गेली आणि चुलीतली राख घेऊन आली. भांडी घासावीत तसा तिनं तो टायर दोन्ही अंगांनी घासला, पदर खोचून, कुणाला हात लावू न देता. डायनॅमोचं डोकंही घासलं. हार काढून तुळशीवर ठेवला. चाचा सारखं "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते आणि ती "तुम्ही गप बसा" म्हणत होती.

चाचा पुन्हा निघाले. फाटकातून बाहेर पडता पडताच गुर्रर्र आवाज आला आणि सडकेवर उजेड सांडला. खड्डे दिसले, कडेची गवतं दिसली, टाकीजवळ बसलेलं कुत्रं दिसलं. ते उठून बाजूला झालं. म्हणजे त्यालाही चाचा दिसले.

मुलगा मात्र चालत त्यांच्या मागं गेला होता. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली होता.

"पुढं झाक हाय, सर. पन मागनं बघा. पेटल्या इडीच्या टोकायेवढा लाल ठिपका. अब्बाला रस्ता दिसंल, पन मागनं येनाऱ्याला अब्बा दिसनार न्हाईत. मला भ्या त्याचं हाय. म्या रोज त्या रस्त्यानं गाडी चालवतो, मला ठाव हाय काय दिसतंय आन् काय न्हाय."

तो बरोबर बोलत होता. आम्ही दोन म्हातारे इतके दिवस पुढं बघण्यात गुंग होतो. मी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

चाचा सायकल स्टँडवर लावत होते. ते सावकाश ट्रॅक्टरजवळ गेले. त्याच्या पुढं दिव्यांची रांग होती, टपाभोवती रंगीत बत्त्यांची माळ आणि मालकाच्या लेकीचं नाव चमकत होतं. चाचांची नात ती. आवाजाचे दोन डबेही होते, आपण येतोय हे शेजारच्या शिवाराला कळावं एवढे. चाचा त्याला वळसा घालून ट्रॉलीच्या मागं गेले आणि तिथूनच म्हणाले,

"सर, जरा हिकडं या. म्हातारपनी दिसत न्हाय मला. हिच्या मागं दिवा कुटं हाय, दावा बरं."

ट्रॉलीच्या मागं काहीही नव्हतं. लोखंडी फळी आणि तिच्यावर एका कोपऱ्यात कधीकाळच्या लाल पट्टीचा फाटका तुकडा. हंगामात ती उसानं भरली की दोन म्हशींएवढी रुंद होते आणि रस्त्यावर अंधारात अंधारासारखी चालते. तालुक्यातल्या बहुतेक ट्रॉल्या अशाच असतात. आपल्याला सगळ्यांना ते माहीत असतं आणि आपण शिव्या घालून पुढं जातो.

"माजी सायकल भंगारात घालतोस," चाचा म्हणाले, "मंग हीबी घाल. दोघी संगंच जातील."

मुलगा मागं आला. ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं मान वर केली आणि बापाला नाही, मला विचारलं, "सर, हिला मागं काय बसवता येतं का?"

मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. ट्रॉलीचे दिवे भूमच्या एका मेकॅनिकनं बसवले. चमकणाऱ्या पट्ट्या मात्र चाचांनी शिवल्या. जाड ताडपत्रीवर लाल-पांढऱ्या, कडेनं दुहेरी टीप, ऊस भरला तरी खाली लोंबून दिसतील अशा. सायकलीच्या मागं मी एलईडीचा लाल दिवा केला. थांबल्यावरही काही वेळ जळतो. मुलानं स्वतः लांबून, जवळून, कडेनं बघितला. पसंत आहे असं तो म्हणाला नाही. दुकान कधी बंद करायचं हा विषय मात्र त्यानं पुन्हा काढला नाही.

आता चाचा पूर्वीसारखे अंधार पडेपर्यंत बसतात. हंगाम सुरू झालाय, गिऱ्हाईक आहे. मी बाकावर असतो. माझ्या फोनची घंटी वाजते, रोज नाही, पण बऱ्याचदा.

"सर, निघाले का?"

"नाही अजून. मशीनवर आहेत."

"बरं. म्या फोन केलता म्हनून सांगू नका."

परवा मी फोन खिशात ठेवला, तर चाचांनी मशीनवरून मान न उचलता विचारलं, "पोराचा व्हता न्हवं?"

"हो."

"काय म्हनला?"

"सांगू नका म्हणाला."

"मंग नका सांगू," चाचा म्हणाले. हातातल्या पँटीची टीप पुरी केली, दातानं दोरा तोडला आणि दुसरी पँट ओढून घेतली.